ऐकणाऱ्याचेही कोणी ऐकावे





गेल्या वार्षिक मेळाव्यात हिशेबाचे पत्रक वाटून झाल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी हात वर केला. ते आपल्या कार्याचे जुने हितचिंतक. पत्रक डोळ्यांजवळ धरून ते म्हणाले, "ताई, समुपदेशनाच्या खर्चात ही 'सुपरव्हिजन' नावाची एक ओळ आहे. हे काय प्रकरण आहे? लोकांचं दुःख ऐकायला आम्ही तुम्हाला पाठवलं. आता तुमचं ऐकायला आणखी एक माणूस कशाला? आमचा पैसा पाड्यावर पोहोचायला हवा."

सभेत थोडे हसू झाले. मी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले, पण ते उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. प्रश्न अगदी योग्य होता. जो देतो त्याला विचारण्याचा हक्क आहे. म्हणून या अंकात त्या एका ओळीचा हिशेब सविस्तर देत आहे. त्यासाठी मला आधी माझीच एक चूक सांगावी लागेल.

(या लेखातील प्रसंगांत ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत किंवा गाळले आहेत. असे का केले, ते पुढे कळेलच.)

नाव घेतले नव्हते, पण...

सातपुड्यातील सेवेचे माझे दुसरे वर्ष होते. समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला होता, उत्साह भरपूर होता. पाड्यापाड्यांवर पायी जायचे, ओट्यावर बसायचे, ऐकायचे. एका पाड्यावर एक तरुण सून माझ्याशी बोलू लागली. नवरा ऊसतोडीसाठी गुजरातमध्ये. दोनदा गर्भ राहून गेला होता. सासरी बोलणी बसत होती. तिसऱ्या भेटीत तिने खाली बघत सांगितले, की कधी कधी नर्मदेकडे बघितले की उतरून जावेसे वाटते.

त्या दिवशी मी परत आले ती रात्रभर झोपले नाही. कोणाशी बोलावे ते कळेना. आमच्याकडे तेव्हा सुपरव्हिजन नव्हते. समन्वयकांना फक्त भेटींची संख्या कळवायची असे. दोन दिवसांनी गावातल्या भगिनी मंडळाची प्रार्थनासभा होती. तेथे प्रार्थनेचे विषय विचारले तेव्हा मी उठून म्हणाले, "अमुक पाड्यावरच्या एका बहिणीसाठी प्रार्थना करा. नवरा बाहेर आहे, दोनदा मूल गेलं आहे, आणि तिच्या मनात जीव देण्याचे विचार येत आहेत." मी नाव घेतले नाही. सगळ्यांनी कळवळून प्रार्थना केली. मला खूप हलके वाटले.

त्या सभेतल्या एका बहिणीची भाची त्याच पाड्यावर दिली होती.

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा ती मुलगी हापशावर पाणी भरत होती. मला पाहिले, हंडा अर्धाच असताना उचलला आणि पाठ फिरवून चालू लागली. घरी गेले तर सासू दारात उभी. "आमच्या घरच्या गोष्टी चर्चमध्ये सांगता ना तुम्ही," एवढेच म्हणाली. पुढे काही महिन्यांनी ती मुलगी माहेरी निघून गेल्याचे कळले. ती सुखरूप होती, पण माझ्याशी ती परत कधी बोलली नाही. अख्ख्या पाड्यावर एकाही बाईने वर्षभर माझ्यासमोर मन मोकळे केले नाही.

"मी नाव घेतले नव्हते" हे माझे समर्थन मी पुढची दोन-तीन वर्षे स्वतःला सांगत राहिले.

मग आमच्या कामात सुपरव्हिजन सुरू झाले. आमच्या मार्गदर्शक ताईंसमोर मी सगळ्यांत आधी हीच गोष्ट काढली. मला वाटले होते त्या रागावतील, किंवा "जाऊ दे, तुझा हेतू चांगला होता" म्हणून समजूत घालतील. त्यांनी दोन्ही केले नाही. त्या म्हणाल्या, "नाव घेतलं नव्हतंस, पण गाव घेतलं होतंस ना?" आणि थोड्या वेळाने, "त्या सभेत तुला काय हवं होतं?"

मी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला एकटीला ते पेलत नव्हतं."

त्या एका वाक्यात मला सुपरव्हिजनचा अर्थ कळला. मी चुगली केली नव्हती. मी एक जड ओझे घेऊन फिरत होते आणि ते खाली ठेवायला योग्य जागा नव्हती, म्हणून ते अयोग्य जागी सांडले. ऐकणाऱ्याला आपले ओझे उतरवण्याची सुरक्षित जागा दिली नाही, तर ते नवऱ्याजवळ, मैत्रिणीजवळ, चहाच्या टपरीवर किंवा प्रार्थनासभेत सांडतेच. आणि त्याची किंमत समुपदेशक भरत नाही. जिने विश्वासाने सांगितले, ती भरते.

सुपरव्हिजन म्हणजे मुकादमी नव्हे

'सुपरवायझर' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंगणवाडीची रजिस्टरे तपासणाऱ्या बाई किंवा कामावरचा मुकादम येतो. समुपदेशनातले सुपरव्हिजन वेगळे आहे. अनुभवी, प्रशिक्षित व्यक्तीसमोर समुपदेशकाने ठरावीक दिवशी, ठरलेल्या वेळी नियमितपणे बसायचे आणि आपल्या कामाबद्दल खरे बोलायचे: कोणाला भेटलो, काय ऐकले, आपण काय म्हणालो, कुठे अडलो, कुठे घाबरलो. समोरच्या व्यक्तीने ते ऐकायचे, प्रश्न विचारायचे, शिकवायचे आणि गरज पडली तर थांबवायचे.

ब्रिटनमधील तज्ज्ञ ब्रिजिड प्रॉक्टर यांनी 1980 च्या दशकात सुपरव्हिजनची तीन कामे सांगितली. आजही जगभर तीच मांडणी शिकवली जाते. पहिले काम मर्यादा राखण्याचे: काम नीतिनियमांना आणि कायद्याला धरून होते आहे का? दुसरे शिकवण्याचे: समुपदेशकाचे कौशल्य वाढते आहे का? तिसरे सावरण्याचे: सतत दुःख ऐकणाऱ्या या माणसाचे मन कसे आहे? तिन्ही कामे एकत्र चालावी लागतात. नुसती पहिली बाजू धरली तर तपासणी होते. नुसती तिसरी धरली तर गप्पा होतात.

हे सुपरव्हिजन म्हणजे समुपदेशकाचे स्वतःचे समुपदेशनही नव्हे. माझ्या घरच्या अडचणीवर तिथे उपचार होत नाहीत. त्या अडचणीची सावली माझ्या कामावर पडत असेल, तेवढ्यापुरते बोलणे होते. बाकीच्यासाठी ताई मला सरळ सांगतात, "यासाठी तू वेगळं कोणाकडे तरी जा."

ही नवी टूम नाही

काहींना वाटते की हा आजकालचा शहरी प्रकार आहे. तसे नाही. याचे एक मूळ तर मंडळ्यांच्या दानधर्माच्या कामाच्या अगदी जवळचे आहे. 1869 मध्ये लंडनमध्ये गरिबांना मदत करणाऱ्या संस्थांचा ताळमेळ घालण्यासाठी चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी सुरू झाली. पुढे अमेरिकेतील शहरांतही तशा संस्था निघाल्या. तेथे स्वयंसेवक घरोघरी जाऊन गरीब कुटुंबांना भेटत. त्यांत बहुतेक स्त्रिया असत. नुसता चांगला हेतू पुरत नाही हे लवकरच लक्षात आले. म्हणून या स्वयंसेवकांनी अनुभवी पगारी कार्यकर्त्यांबरोबर बसून एकेका कुटुंबाबद्दल चर्चा करण्याची पद्धत पडली. समाजकार्यातले सुपरव्हिजन तिथून वाढले. मानसोपचाराच्या बाजूने पाहिले तर मॅक्स आयटिंगॉन यांच्या पुढाकाराने 1920 मध्ये बर्लिनला जो दवाखाना सुरू झाला, तेथे शिकाऊ व्यक्तीने वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण पाहणे हा प्रशिक्षणाचा भागच झाला. आज ब्रिटनमधील समुपदेशकांच्या बी.ए.सी.पी. या मोठ्या संघटनेत मान्यताप्राप्त सदस्याला महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावेच लागते, मग त्याचा अनुभव वीस वर्षांचा का असेना.

आपल्या शेजारच्या गोव्यातले उदाहरण तर आपल्या कामाला फार जवळचे आहे. 'संगाथ' या संस्थेने गोव्यातील 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी एक प्रयोग केला. तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ती स्थानिक, साधे शालेय शिक्षण झालेली, पण नीट प्रशिक्षण दिलेली माणसे होती. सहा ते आठ भेटींत त्यांनी केलेल्या कामाने रुग्णांचे नैराश्य लक्षणीय कमी झाले. पण त्यामागे काय होते? रुग्णाच्या परवानगीने भेटींचे ध्वनिमुद्रण होत असे. समुपदेशक गटात बसून एकमेकांच्या भेटी ऐकत आणि त्यांना गुण देत. शिवाय तज्ज्ञांचे मार्गदर्शन असे. साध्या माणसांच्या हातून चांगले काम होऊ शकते, पण त्यांना एकटे सोडून नव्हे, हा धडा मी त्यातून घेतला. आमचे कार्यकर्तेही असेच पाड्यावरचे आहेत. दहावी-बारावी झालेली पावरा आणि भिल्ल मुले-मुली. त्यांच्याजवळ भाषा आहे, माणसे आहेत, माया आहे. मागे उभे राहणारे कोणीतरी आपण द्यायचे आहे.

आमची बैठक कशी चालते

दर पंधरा दिवसांनी दीड तास आम्ही सगळे एकत्र बसतो. शिवाय महिन्यातून एकदा प्रत्येकाची मार्गदर्शक ताईंबरोबर एकट्याची तासाभराची भेट असते. ताई दर महिन्याला एकदा बसने येतात. मधली बैठक फोनवर होते. धडगावच्या वरच्या भागात अजून सगळीकडे रेंज नाही, म्हणून दोन कार्यकर्ते त्या दिवशी टेकडी चढून एका ठरलेल्या मोहाच्या झाडाखाली येऊन बसतात. पत्रकातली ती ओळ म्हणजे ताईंचे मानधन आणि हा प्रवासखर्च.

बैठकीत कोणाचे नाव, पाडा, कूळ घ्यायचे नाही. प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक असतो. नावांची वही वेगळी, कुलूपबंद कपाटात. फोनवर बोलताना आजूबाजूला कोणी नाही ना, हे पाहायचे.

एक प्रसंग सांगते. आमचा एक तरुण कार्यकर्ता मोहाची दारू फार पिणाऱ्या एका माणसाकडे जात होता. बैठकीत तो चिडून म्हणाला, "हा माणूस सुधारणार नाही. मी त्याला स्पष्ट सांगितलं आहे, आजपासून थेंबही घ्यायचा नाही, नाही तर मी येणार नाही."

ताईंनी आधी साधे प्रश्न विचारले. रोज किती पितो? किती वर्षांपासून? सकाळी हात थरथरतात का? घाम येतो का? पूर्वी कधी फिट आली होती का? कार्यकर्त्याला यातले अर्धे माहीत नव्हते. तेव्हा ताईंनी सांगितले की वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्या माणसाने एकदम दारू तोडली, तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्यायचे असते. 'आजपासून बंद' हा उपदेश चांगल्या मनाने दिलेला असला तरी तो घातक ठरला असता. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला दवाखान्यात नेले.

मग ताईंनी हळूच विचारले, "हा माणूस तुला कोणाची आठवण करून देतो?"

तो कितीतरी वेळ जमिनीवर काडीने रेघोट्या मारत राहिला. मग म्हणाला, "बाबांची."

त्यापुढे कोणी फार बोलले नाही. पण नंतरच्या भेटीत त्याने त्या माणसाला पहिल्यांदाच विचारले की पिणे कधीपासून वाढले. मुलगा सिकलसेलच्या आजारात गेला तेव्हापासून, हे उत्तर इतक्या भेटींत कोणी ऐकलेच नव्हते. समोर बसलेल्या माणसात आपल्याला आपलाच बाप दिसत असेल, तर तो माणूस दिसत नाही. हे स्वतःचे स्वतःला कळत नाही. आपल्या पाठीवरचा डाग दुसऱ्यालाच दिसतो.

"कोणाला सांगणार नाही" असे वचन देता येत नाही

सुरक्षित समुपदेशनाचा पाया गोपनीयता हा आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 नेही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण गोपनीयतेला काही मर्यादा असतात, आणि त्या पहिल्याच भेटीत सांगायच्या असतात, नंतर नव्हे.

आमच्या एका नव्या कार्यकर्तीपुढे एक शाळकरी मुलगी रडत म्हणाली, "ताई, आधी शपथ घे, कोणाला सांगणार नाहीस." हिने घेतली. मग त्या मुलीने जे सांगितले ते नात्यातल्या एका मोठ्या माणसाने केलेल्या लैंगिक अत्याचाराचे होते. कार्यकर्तीचे हातपाय गळाले. सांगितले तर शपथ मोडते, न सांगितले तर मुलगी त्याच घरात राहते.

सुदैवाने तिने त्याच संध्याकाळी ताईंना फोन केला. अशा प्रसंगी पंधरा दिवस थांबायचे नाही, हा आमचा नियम आहे. बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा 2012 चा कायदा, ज्याला आपण पॉक्सो म्हणतो, त्याच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला माहीत आहे किंवा घडेल अशी भीती वाटते, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाकडून झालेला गुन्हा दडपला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. यातून पाळक सुटत नाहीत, समुपदेशक सुटत नाहीत, आपली संस्थाही सुटत नाही. "घरातली गोष्ट आहे, पंचांत मिटवू" हा मार्ग कायद्याने बंद आहे, आणि तो बंदच असायला हवा.

पण कायदा सांगून ताई थांबल्या नाहीत. मुलीला काय सांगायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे, तिच्याबरोबर कोण जाईल, आज रात्री ती कुठे झोपेल, हे सगळे त्या एका तासाच्या फोनवर ठरले. कार्यकर्तीने मुलीसमोर जाऊन माफी मागितली: "मी द्यायला नको ते वचन दिलं. मी तुला एकटीला सोडणार नाही, हे वचन मात्र पाळीन." ते तिने पाळले. त्या रात्री कार्यकर्तीही एकटी राहू नये म्हणून दुसरी सहकारी तिच्या घरी जाऊन झोपली.

तेव्हापासून आमची प्रत्येक पहिली भेट याच बोलण्याने सुरू होते: "तुमचं बोलणं माझ्याजवळ राहील. माझं काम नीट व्हावं म्हणून मी नाव न घेता आमच्या मार्गदर्शक ताईंशी बोलेन. पण लहान मुलावर अत्याचार होत असेल, किंवा तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, तर मला मदत बोलवावी लागेल. तीही तुम्हाला सांगून." पावरी आणि भिलीतून हे कसे सांगायचे, याचा सराव आम्ही बैठकीतच केला. लोक घाबरतील असे आम्हाला वाटले होते. उलट मर्यादा आधीच सांगणाऱ्यावर त्यांचा विश्वास वाढला.

सेवा आणि सत्ता

एक अवघड गोष्ट, पण आपल्या घरातली म्हणून बोलायला हवी. आपण ख्रिस्ती सेवाकार्य आहोत. दुःखात बुडालेला माणूस समोर बसतो तेव्हा तो अत्यंत दुबळा असतो, आणि आपण त्याला मदत, औषध, रेशन यांच्याशी जोडलेली माणसे दिसतो. ही सत्ता आहे, आपल्याला ती नको असली तरी. म्हणून समुपदेशनाच्या वेळेत धर्माचा विषय आपण काढत नाही. मदत मिळण्यासाठी प्रार्थनेला येण्याची अट नाही. कोणी स्वतःहून "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हटले तर जरूर करतो. कोणी आपल्या देवाबद्दल किंवा बडव्याकडे जाण्याबद्दल बोलले तर तेही आदराने ऐकतो. पण एखाद्या बाईला कोणी डाकीण ठरवले, तर तिथे नुसते ऐकून चालत नाही. तिचा जीव धोक्यात असतो, आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आधार घ्यावा लागतो. कुठे ऐकायचे आणि कुठे उठून उभे राहायचे, हा प्रश्न आमच्या बैठकीत वारंवार येतो.

तसेच नात्यांचे. पाड्यावर सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात. आपल्या मावशीच्या सुनेचे समुपदेशन करायचे का? दुभाषी म्हणून तिच्याच दिराला बसवायचे का? खिशातून पन्नास रुपये द्यायचे का? पुस्तकात याची उत्तरे सोपी असतात. डोंगरात नसतात. प्रत्येक वेळी बसून विचार करावा लागतो, आणि एकट्याने केलेला विचार बहुधा आपल्या सोयीचा असतो.

मार्गदर्शकही चुकू शकतात. म्हणून आमच्या ताईंचा आमच्या पगाराशी आणि नेमणुकीशी संबंध ठेवलेला नाही. पगार देणाऱ्यासमोर चूक कबूल करणे फार कठीण जाते. ताई स्वतःही शहरात आपल्या वरिष्ठांकडे सुपरव्हिजन घेतात. आणि आमच्यापैकी कोणाविरुद्ध तक्रार असेल तर ती कोणाकडे करायची, हे चित्रांसह लिहिलेला फलक प्रत्येक केंद्राच्या दारावर लावला आहे.

प्रभूने पाठवले, मग ऐकूनही घेतले

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना दोघा-दोघांच्या जोडीने पाठवतो, हे आपण पुष्कळदा ऐकतो. त्याच अध्यायात पुढे काय होते, याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. शिष्य परत येतात आणि आपण काय काय केले, काय शिकवले, ते सगळे त्याला सांगतात. आणि तो त्यांना एकांतात नेऊन विसावा घ्यायला लावतो. लोकांची गर्दी इतकी असते की त्यांना जेवायलाही सवड नसते. तरीही तो म्हणत नाही की अजून कितीतरी गावे राहिली आहेत, आधी तिकडे जा. एकट्याला पाठवायचे नाही, परत आल्यावर ऐकून घ्यायचे, आणि थकलेल्याला बसवायचे. त्या ज्येष्ठ बंधूंना माझे उत्तर आता देता येईल: काका, तुमचा पैसा पाड्यावरच पोहोचतो. पोहोचल्यावर तो तिथे कोणाला इजा करू नये, यासाठी ती एक ओळ आहे.

आपण काय करू शकता

प्रार्थनेचा विषय सांगताना नाव, गाव, आजार, घरची परिस्थिती यांचे तपशील देऊ नका. "एका कुटुंबासाठी" एवढे पुरे आहे. देवाला पत्ता ठाऊक आहे.

आमच्याकडून "मन हेलावणाऱ्या" कहाण्या आणि चेहरे दिसणारे फोटो मागू नका. या पत्रिकेत आता ते छापत नाही, याचे कारण आपल्याला कळले असेल.

आपल्या मंडळीत पाळकसाहेब, पाळकबाई किंवा भगिनी मंडळाच्या पुढारी लोकांचे ऐकत असतील, तर त्यांना विचारा, "तुमचं कोण ऐकतं?" त्यांच्यासाठी तशी जागा उभी करा.

आणि हे क्रमांक मंडळीच्या फलकावर लावा: मानसिक त्रासासाठी टेलिमानस 14416, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतूनही. बालकांसाठी 1098. तातडीच्या मदतीसाठी 112. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला पोलीस पकडतील या भीतीने लोक दवाखान्यात नेत नाहीत. 2017 च्या कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते, आणि तिला शिक्षा होत नाही. हे चार लोकांना सांगा.

प्रार्थनेचे विषय

ज्यांनी विश्वासाने आपले दुःख आमच्या हाती दिले, त्या सर्वांसाठी. टेकडी चढून फोन लावणाऱ्या कार्यकर्त्यांच्या प्रकृतीसाठी आणि धैर्यासाठी. आमच्या मार्गदर्शक ताईंच्या प्रवासासाठी. होळीनंतर ऊसतोडीहून परतणाऱ्या कुटुंबांसाठी.

आणि एका बहिणीसाठी, जिचा विश्वास माझ्या हातून मोडला. तिच्याबद्दल याहून जास्त मी सांगणार नाही.

आपली सेवेतील बहीण,
समुपदेशन विभाग